विचारलंत तरच सांगेन

वॉर्डात राऊंडला बारा-पंधरा मुलं एका खाटेभोवती उभी असतात. पुढे नेहमीची तीन-चार. त्यांच्यातलं कोणी 'मॅडम, लेप्टो' (लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) म्हणालं की बाकीच्यांची सुटका होते. मागचा एक खिडकीला टेकतो, दुसऱ्याचा मोबाइल खिशातून बाहेर येतो, सलाइनच्या स्टँडला धरून उभी असलेली मुलगी मनातल्या मनात कर्जत फास्टची वेळ बघायला लागते. उत्तर बरोबर असतं, पण विचार एकानेच केलेला असतो. आणि त्यानेही केला की कालच्या राऊंडला ऐकलेलं ठोकून दिलं, ते मला कळायला काही मार्ग नसतो.

मी मुंबईतल्या एका म्युनिसिपल कॉलेजात मेडिसिन शिकवते. ऑनलाइन शिक्षण म्हटलं की लोकांना २०२० सालची ती काळी चौकोनं आठवतात, ज्यांच्यामागे मुलं आहेत की नुसते चार्जिंगला लावलेले फोन, हे देवालाच ठाऊक. त्याबद्दल मला काही चांगलं लिहायचं नाही. पण त्याच काळात आमच्याकडे दुसरं एक काम सुरू झालं, ते मुलं वॉर्डात परतल्यावरही आम्ही बंद केलं नाही. केसवर लेखी चर्चा. सगळ्यांनी एका वेळी हजर राहायचं नाही, कॅमेरा नाही, माइक नाही. लिहायचं, दुसऱ्याचं वाचायचं, परत लिहायचं.

सुरुवात गरजेतून झाली. मार्चमध्ये हॉस्टेलं रिकामी झाली, मुलं घरी गेली. कोणी गोंदियात, कोणी देवगडात, कोणी बीडजवळच्या एका वस्तीवर, जिथे रेंज गच्चीवर गेल्याशिवाय येत नाही. थेट व्हिडिओवर चर्चा घ्यायची म्हणजे ज्याच्याकडे वायफाय त्याचाच आवाज. लिहिलेले चार शब्द मात्र टूजीवरही जातात.

पद्धत साधी आहे. सोमवारी संध्याकाळी केस पडते, पण फक्त तक्रार: कोण, वय काय, काय होतंय, किती दिवसांपासून. प्रत्येकाने रात्रीपर्यंत गुगल फॉर्मवर आपले तीन अंदाज आणि ते का, हे लिहायचं. एकमेकांचं काहीच दिसत नाही. मंगळवारी सगळ्यांची उत्तरं एकदम उघडतात आणि चर्चा सुरू होते. तपासणीत काय सापडलं ते बुधवारी, रिपोर्ट गुरुवारी, पुढे काय झालं ते शनिवारी. मधल्या काळात मी दोनच भूमिकांत असते, पेशंटच्या नाहीतर लॅबच्या. पेशंट विचारलं तेवढंच बोलतो. लॅब मागितली तीच तपासणी देते, आणि ती का हवी याचं कारण आधी मागते.

एक केस जरा सविस्तर सांगते, कारण हे सगळं काय आहे ते तिच्यातच कळतं. माणूस खरा, ओळखीच्या खुणा बदललेल्या. ऑगस्ट महिना, चाळिशीचा पुरुष, राहणार नायगाव. पाच दिवस ताप, अंग ठेचल्यासारखं दुखतंय, दोन दिवसांपासून डोळे पिवळे. केस पेपरवर व्यवसाय 'लेबर'. बस्स, एवढंच टाकलं.

फॉर्मवर अपेक्षेप्रमाणे कावीळ, डेंगी, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड. मुंबईत ऑगस्टमध्ये तापाचा पेशंट आला की ही यादी कॅज्युअल्टीतले वॉर्डबॉय मामासुद्धा म्हणून दाखवतील. गंमत पुढे झाली. मंगळवारी यादी उघडली तेव्हा गडचिरोलीच्या एका मुलाने फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार, सगळ्यात वर ठेवला होता आणि त्याचं कारणही दिलं होतं: आमच्याकडे ताप आणि कावीळ एकत्र दिसली की पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर आधी मायक्रोस्कोपखाली रक्ताची काच बघतात, बाकी मग. नागपूरच्या मुलीने स्क्रब टायफस लिहिलं, बारीक किडा चावून येणारा ताप, ज्यात चावल्या जागी काळी खपली धरते. २०१८च्या पावसाळ्यात विदर्भात त्याने जो धुमाकूळ घातला तो तिने बारावीच्या वर्षात पाहिला होता. तिने लगेच पेशंटला विचारलं: काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली कुठे काळी खपली आहे का? (नव्हती. पण पेशंटला कपडे काढायला लावून खपली शोधायची असते, हे त्या दिवशी सगळ्या बॅचला कळलं. पुस्तकात तो फोटो प्रत्येकाने पाहिलेला असतो, पण फोटोत खपली आधीच सापडलेली असते.)

सावंतवाडीकडच्या एका मुलाने माकडतापाचं नाव टाकलं. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडे सापडलेला, २०१६पासून सिंधुदुर्गातही शिरलेला. आणि दोन तासांनी त्यानेच ते नाव खोडलं. 'माकडताप डिसेंबर ते मे या काळातला, गोचिडींचा हंगाम तो. ऑगस्टमध्ये नायगावात राहणाऱ्याला कुठून होणार? पण भातलावणीनंतर आमच्याकडे लेप्टो होतो. शेतात उंदीर, गुरं, गुडघाभर चिखल. या माणसाचं पावसाशी काय नातं ते कळलं पाहिजे.'

हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. स्वतःचा अंदाज स्वतःच मोडायचा, आणि मोडताना पुढचा प्रश्न हातात घेऊन यायचं. राऊंडवर त्याला हे करता आलं असतं का? मला शंका आहे. राऊंडवर तो 'माकडताप' म्हणाला असता तर पुढची रांग हसली असती, आणि पुन्हा महिनाभर त्याने तोंड उघडलं नसतं.

मग 'लेबर'वर गाडी आली. एका मुलीने पेशंटला विचारलं, 'काका, तुम्ही नक्की काय काम करता? कुठे?' उत्तर: दाणाबंदरात गोणी उचलतो. दुसऱ्याने विचारलं, गोदामात उंदीर आहेत का? उत्तर: आहेत म्हणजे काय, आम्ही त्यांच्याकडे राहायला आहोत. तिसरा: गेल्या पंधरा दिवसांत पाण्यातून चाललात? उत्तर: गाड्या बंद होत्या त्या दिवशी मशीद स्टेशनपासून चालत घरी आलो, हिंदमाताला पाणी मांडीपर्यंत. चौथी: पायाला जखम? उत्तर: टाचेला भेगा आहेत, कायमच्या.

ही चार उत्तरं मी सोमवारीच लिहून टाकली असती तर केस पाच मिनिटांत संपली असती. चार वेगवेगळ्या मुलांनी, चार वेगवेगळ्या गावांतून, एकमेकांचा प्रश्न वाचून पुढचा प्रश्न विचारला. याला सहयोगी शिक्षण वगैरे म्हणतात ते म्हणोत. मला त्यात हिस्टरी दिसते, पेशंटला विचारून विचारून काढलेली हकिकत. आमच्या शास्त्रात निम्म्याहून जास्त निदान हिस्टरीत असतं असं आम्ही दर वर्षी पहिल्या लेक्चरला सांगतो आणि मग वर्षभर रिपोर्ट वाचायला शिकवतो.

बुधवारी तपासणी. डोळे पिवळे आणि लालही, पण चिपडं नाहीत. पोटऱ्या दाबल्या की पेशंट पाय ओढून घेतो. गुरुवारी रिपोर्ट: बिलिरुबिन (काविळीचं माप) ९, एसजीपीटी (यकृताच्या इजेचं माप) जेमतेम ८५. क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की वाढणारं) ३.४, पोटॅशियम मात्र ३.२, म्हणजे कमी. पांढऱ्या पेशी १६,०००, प्लेटलेट ६०,०००. मलेरियाची काच दोनदा निगेटिव्ह. लेप्टोचा आयजीएमही (अँटिबॉडीची तपासणी) निगेटिव्ह.

शेवटच्या ओळीने अर्धी मुलं पळाली. 'मॅडम, लेप्टो नाही मग.' इथे माझी बोटं शिवशिवत होती. मी लिहिलं नाही. तासाभराने एकीने लिहिलं की पाचव्या दिवशी अँटिबॉडी नसणं म्हणजे आजार नसणं नव्हे, पहिल्या आठवड्यात ही तपासणी फसू शकते, काही दिवसांनी परत पाठवा. दुसऱ्याने काविळीचं गणित मांडलं: व्हायरल हिपॅटायटिसमध्ये बिलिरुबिन ९ असताना एसजीपीटी हजारात असायला हवा होता, आणि तिथे बहुतेक वेळा कावीळ दिसायला लागली की ताप उतरतो, इथे दोन्ही सोबत चाललेत. डेंगीवाल्यांना कोणीतरी विचारलं की पांढऱ्या पेशी वाढल्या कशा, डेंगीत तर कमी व्हायला हव्यात. मूत्रपिंड निकामी होतंय आणि तरी पोटॅशियम कमी, हे कोड्यात पाडणारं होतं. त्यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला आणि एकाने शोधून आणलं की लेप्टोमध्ये मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा होऊन पोटॅशियम वाहून जातं, म्हणून लघवी होत असते आणि पोटॅशियम घसरत असतं. अडॉल्फ वाइलने १८८६ साली ताप, कावीळ आणि मूत्रपिंड हे त्रिकूट लिहून ठेवलं तेव्हा त्याला जंतू माहीत नव्हता. तो फक्त पेशंटकडे बघून ओळखत होता, हेही मुलांनीच चर्चेत आणलं.

सगळ्यात छान मुद्दा नागपूरच्या मुलीचा. खपली नाही म्हणून स्क्रब नाही असं शंभर टक्के म्हणता येत नाही, खपली नेहमी सापडतेच असं नाही. मग नुसतं सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक देऊन लेप्टोवर उपचार होईल, स्क्रब राहील. सोबत डॉक्सिसायक्लिन हे दुसरं अँटिबायोटिक दिलं तर दोन्ही. 'रिपोर्ट येईपर्यंत वाट बघायची नाही' हे वाक्य थर्ड इयरच्या मुलीने लिहिलेलं मी वाचलं आणि चहा करायला उठले.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये आमच्यापैकी अनेकांनी लेप्टो खऱ्या अर्थाने पाहिला. आता पाणी तुंबलं की महापालिका सांगते, पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक गोळी घ्या. शनिवारी मुलांची चर्चा तिथे गेली: दाणाबंदरातल्या माणसाला ही गोळी कोण देणार होतं? तो तर आजारी पडल्यावर पाचव्या दिवशी आला, कारण चार दिवसांची मजुरी बुडते. त्याच्यासोबत हिंदमातातून चालत आलेले बाकीचे कुठे आहेत? यावर काही उत्तर निघालं नाही. पण प्रश्न मेडिसिनकडून पीएसएमकडे, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयाकडे, आपसूक गेला. हा प्रवास टाइमटेबलमध्ये घडवून आणायचा तर तीन विभागप्रमुखांच्या सह्या लागतात.

हे सगळं काही नवीन नाही, हे मला नंतर वाचताना कळलं. १९०० साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी लेक्चरांना कंटाळला होता. त्याच्या खोलीत राहणारा मित्र कायदा शिकत होता आणि तिथे खटल्यांवर वाद घालून शिकवत. कॅननने लेख लिहिला की आम्हालाही असंच केसवर शिकवा. रिचर्ड कॅबटने ते उचललं, आणि पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या केसेस छापून जगभर जाऊ लागल्या. कॅनन पुढे मोठा शरीरक्रियाशास्त्रज्ञ झाला, 'फाइट ऑर फ्लाइट' त्याचंच. सूचना विद्यार्थ्याची होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९मध्ये पहिली बॅच घेतली ती समस्येवरून शिकायच्या पद्धतीवरच. छोटा गट, मध्ये एक केस, शिक्षक बाजूला. आमच्याकडे तेव्हा तो 'बाजूला' हा भाग कोणाला झेपला नसता. अजूनही अवघड जातो.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी २०००मध्ये अल्बर्टा विद्यापीठातून ऑनलाइन चर्चेसाठी एक आराखडा मांडला. त्यांच्या मते तीन प्रकारची हजेरी लागते: विचाराची, माणसांची आणि शिक्षकाची. यातली तिसरी सगळ्यात फसवी. माझा अनुभव सांगते. मी चर्चेत माझ्या नावाने एक ओळ लिहिली की पुढची वीस उत्तरं त्या ओळीकडे झुकतात. 'छान मुद्दा' एवढं लिहिलं तरी तोच मुद्दा बरोबर ठरतो आणि बाकीचे मरतात. म्हणून शुक्रवार रात्रीपर्यंत मी पेशंट नाहीतर लॅब. पण पूर्ण गायब झालं तरी चालत नाही. मॅडम वाचतायत हे कळलं नाही तर गुरुवारपर्यंत गट ओस पडतो. पेशंटच्या तोंडून 'डॉक्टर, मला तहान लागलीय, कोणी बघतंय का?' असं लिहिलं की पुन्हा हालचाल होते. नाटकी आहे, पण चालतं.

गप्प राहणाऱ्यांबद्दल मला आधी राग होता. वाचल्याचं दिसतं आणि अक्षर नाही. आता तितका नाही. लातूरची एक मुलगी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजीत बोलायचं म्हटलं की राऊंडवर जिची मान खाली. आठवडेच्या आठवडे तिने चर्चेत काही लिहिलं नाही, फॉर्म मात्र दर सोमवारी पूर्ण भरलेला, कारणांसकट, आणि कारणं बहुतेकांपेक्षा सरस. मग आम्ही ठरवलं की चर्चा मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, रोमन लिपीत, जशी येईल तशी. तिची पहिली पोस्ट मराठीत आली आणि त्यात तिने पुढच्या रांगेतल्या एका हुशाराचा मुद्दा सरळ खोडला होता. वायवाला (तोंडी परीक्षेला) इंग्रजी लागतं, ते खरं. पण विचार जमला की इंग्रजी मागून येतं. उलट क्रमाने आलेली मुलं मी पुष्कळ पाहिलीत.

त्रासही आहेत. एक, मार्कांचा. २०१९च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात स्वयंअध्ययनाचे तास आले, लॉगबुक आलं, त्यामुळे वरून सूचना येते की सहभागाला गुण द्या. एका टर्मला दिले. 'आय अ‍ॅग्री विथ द अबव्ह' अशा पोस्टींचा पूर आला. आता लॉगबुकमध्ये फक्त केस पूर्ण केली एवढी सही, गुण नाहीत. माझे एक सहकारी म्हणतात, मग यात तुम्ही शिकवलं काय? त्यांना मी अजून पटवू शकलेले नाही आणि आता प्रयत्नही सोडलाय. त्यांचे राऊंड उत्तम असतात, मुलांनी तिथे जावं.

दुसरा, एआयचा. सोमवारी रात्री दहा निदानांची गुळगुळीत यादी येते, प्रत्येकाखाली दोन मुद्दे, सगळं बरोबर आणि कोणाचंच नाही. म्हणून फॉर्ममध्ये आता दोन प्रश्न वाढवलेत. तुझी यादी उलटीपालटी करेल असा एकच प्रश्न पेशंटला विचारायचा तर कोणता? आणि तुझ्या पहिल्या अंदाजात जे दिसायला हवं होतं, पण या पेशंटमध्ये नाही, ते काय? यंत्र यांचीही उत्तरं देतं, चांगली देतं. पण मंगळवारी गटात बाकीचे 'हाच प्रश्न का?' म्हणून धरतात, तेव्हा उसनं घेतलेल्याची पंचाईत होते.

तिसरा त्रास सगळ्यात गंभीर: पेशंटची ओळख. एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव राहतं. हाताचा फोटो टाकला आणि हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं. पुरळाच्या फोटोत मागच्या खाटेवरची आजी. आमचा नियम कडक आहे: पेशंटची लेखी संमती असल्याशिवाय फोटो नाही, चेहरा आणि गोंदण कधीच नाही, वय पाच-सात वर्षं इकडेतिकडे, राहण्याचं ठिकाण बदललेलं. आणि चर्चा कॉलेजच्या खात्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो गॅलरीत आपोआप उतरतो, आणि मग कोणाच्या तरी लहान भावाच्या हातात फोन असतो.

आणि जे यातून येत नाही ते येत नाही. प्लीहा बोटांना लागते तेव्हा कळते. पोटरी दाबल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं, हे 'काफ टेंडरनेस प्रेझेंट' वाचून कळत नाही. २०२०ची ती बॅच वॉर्डात परत आली तेव्हा विचार करायला छान शिकलेली होती आणि छाती ठोकून आवाज ऐकायला अगदीच कच्ची. आता दोन्ही एकत्र चालतं, सकाळी पोस्टिंग, संध्याकाळी चर्चा. कधी कधी चर्चेतली केस खालच्याच मजल्यावर असते. मुलं बुधवारपर्यंत तिला शोधून काढतात आणि पेशंटशी जाऊन गप्पा मारतात. मी ते थांबवत नाही.

कोणाला आपल्या कॉलेजात सुरू करायचं असेल तर व्यवहाराच्या दोन गोष्टी. दोनशेच्या बॅचला एक गट केलात तर फसलात. आठ-दहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला पेशंटचं सोंग घेणारा रेसिडेंट (निवासी डॉक्टर) द्या. आमचे रेसिडेंट आधी कुरकुरले. त्यांची झोप किती होते हे मला माहीत आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही. पण पेशंट व्हायला मिळतं याची त्यांना मजा वाटू लागली. दुसरं, केस टाकायचा आठवडा त्या युनिटच्या इमर्जन्सीचा नसावा, नाहीतर लॅब रिपोर्ट पहाटे तीनला पडतो आणि तोही अर्धा. या महिन्यात शेजारच्या युनिटने दोन केसेस कबूल केल्यात. एक टीबीची आहे. दुसरी काय आहे ते त्यांचा रेसिडेंट मलासुद्धा सांगायला तयार नाही, म्हणतो, सोमवारी फॉर्म भरा.